कुंदावन्संचं एक बोट

आमच्या कुंदावन्सं कुणाकडेही गेल्या तरी बसायच्या आधी सोफा दाबून बघतात. उगीच चाळा म्हणून नव्हे हो, अगदी पद्धतशीर. चार बोटं जुळवायची, सपाट टेकवायची आणि सावकाश, अगदी सावकाश, खाली न्यायची. तळाला पोचली की क्षणभर थांबायचं. मग तितक्याच सावकाश वर. तोवर घरची माणसं चहाचे कप हातात धरून उभी. शेवटी वन्सं म्हणणार, "डावीकडची स्प्रिंग गेलीय," आणि उजवीकडे बसणार.

पहिल्यांदा मला रागच आला होता. दसऱ्याला घेतलेला नवा सोफा, आणि ही बाई त्याला आजारी ठरवते! पण आमचे हे त्या डाव्या बाजूला बसून बसून कमरेला रोज तेल चोळून घेत होते. जागा बदलली आणि आठवड्यात बरे झाले. दुखणं सोफ्याचं, आणि तेल कंबर पीत होती.

आमच्या हैद्राबादेत हिमायतनगरच्या कोपऱ्यावरचा सीताफळवाला तर वन्सं लांबून दिसल्या की टोपलीवर गोणपाट ओढतो. "अम्मा, दबाव नक्को! लेना है तो लेव, नै तो आगे जाव!" वन्सं शांतपणे गोणपाट बाजूला करतात. "अरे, हळू दाबलं तर काही होत नाही. झटका दिला तर दुखतं." सीताफळाला दुखतं! तो बिचारा माझ्याकडे बघतो. मी दुसरीकडे बघते.

तर या कुंदावन्सं माझ्या यजमानांच्या चुलतबहीण. डॉक्टर आहेत. पण औषध देणाऱ्या नव्हेत, आत बघणाऱ्या. सरकारी दवाखान्यात सोनोग्राफीच्या खोलीत त्यांची उभी हयात गेली. पोटावर ते बुळबुळीत जेल लावायचं, त्यावरून एक मुठीएवढी वस्तू फिरवायची, की पोटातलं सगळं पडद्यावर करड्या करड्या रंगात दिसतं. त्या वस्तूला त्या प्रोब म्हणतात, मी इस्त्री म्हणते. "वहिनी, इस्त्रीनं सुरकुत्या जातात," त्या म्हणतात, "ह्यानं सापडतात."

राहायच्या आमच्याच गल्लीत, काचीगुडा स्टेशनच्या मागे. एकट्या. लग्न केलं नाही. का, ते सांगते पुढे, त्यांच्याच शब्दांत.

पोटातल्या सगळ्या सामानात वन्संचं खरं वेड एकच, अपेंडिक्स. दुसऱ्या बायका जावयाबद्दल बोलतात तशा त्या अपेंडिक्सबद्दल बोलतात. कधी लाडानं, कधी वैतागून. "करंगळीएवढं शेपूट, एका बाजूनं बंद. काम काही नाही, पण रुसलं की घर डोक्यावर घेतं. आणि लपतं कुठं कुठं! आतड्याच्या मागं, खाली खड्ड्यात, कुठंही." आणि ते शोधायची रीत म्हणजे ती सोफ्याची रीत. हळूहळू दाबत जायचं. आतडी बाजूला होतात, वारा निघून जातो. चांगलं अपेंडिक्स दाबलं की चपटं होतं. सुजलेलं होत नाही. टणक उभं राहतं.

हे सगळं मला भाजी निवडताना कळलं बरं का. मी काही शिकलेली नव्हे. चौथीनंतर शाळा सुटली, पुढं जे आलं ते कानानं आणि वर्तमानपत्रानं. पण मेथी निवडता निवडता मी अर्धी डॉक्टर झाले, त्याचं कारण वन्सं.

मेच्या महिन्यात त्यांच्या पर्समधे हात घातलात तर तुम्हाला लोकरीचा गोळा लागेल. तो गोळा म्हणजे जेलच्या बाटलीचा स्वेटर. हो, स्वेटर. वन्सं स्वतः विणतात. निळा, तपकिरी, एक हिरवा पट्ट्यांचा. बाहेर हैद्राबादचं ऊन अंगाची लाही करतंय, आणि त्या बाटलीला गरम पाण्यातून काढून, पुसून, स्वेटर घालून काखेत धरून बसल्या आहेत. बसमधल्या बायका सरकून बसतात.

"अहो वन्सं, लोक काय म्हणतील?"

"गार जेल पोटावर पडलं की पोट दचकतं. दचकलं की आवळून बसतं. आवळून बसलेल्या पोटात मला काही दिसत नाही. लोकांचं काय, त्यांना काही बघायचंय का?"

पेशंटच्या आरामासाठी करता का, असं एकदा एका नर्सबाईनं कौतुकानं विचारलं, तर तिला म्हणे झापलं. "आराम बिराम काही नाही. चित्र नीट यायला पाहिजे." माया केली असं कुणी म्हटलं की त्यांना चोरी पकडल्यासारखं होतं.

त्यांची दोन वाक्यं सगळ्या गल्लीला पाठ. पहिलं, "एक बोट ठेवा." पोट दुखतं म्हणून कुणी आलं की, "कुठं दुखतं? एक बोट ठेवा. तळहात नको." माणूस सगळ्या पोटावरून हात फिरवतो. वन्सं वाट बघतात. "एकच." ज्याला एक बोट ठेवता येतं त्याच्या बोटाखाली त्या प्रोब ठेवतात. हे वाक्य त्या कुठंही वापरतात. नळाला पाणी येत नाही म्हणून गल्लीची सभा भरली, सगळे एकदम ओरडायला लागले, तर वन्सं उभ्या राहिल्या. "तक्रार कुठं आहे? एक बोट ठेवा." सभा तिथंच संपली.

दुसरं वाक्य, "दिसलं नाही, एवढंच. नाही असं मी म्हटलेलं नाही." अपेंडिक्स कधी कधी सापडतच नाही. काही लोक तेव्हा मोकळेपणानं लिहून टाकतात की सगळं ठीक. वन्सं नाही. दिसलं नाही तर दिसलं नाही इतकंच लिहायचं. आमच्या ह्यांच्या किल्ल्या हरवल्या, सगळं घर उलथून झालं, हे म्हणाले, "घरात नाहीतच." वन्सं दारातून, "दिसल्या नाहीत, एवढंच." देवाबद्दल विचारलं तर तेच उत्तर. आणि मी एकदा धीर करून लग्नाचं विचारलं, तेव्हाही शेंगदाणे सोलता सोलता म्हणाल्या, "कुणी दिसलं नाही, वहिनी. नव्हतं असं मी म्हटलेलं नाही."

आता मी सांगते ते राज्याची वाटणी झाली त्या दिवसांतलं. माझ्या आयुष्यातली ही दुसरी वाटणी. पहिली मी परकऱ्या पोरीच्या वयात पाहिली, तेव्हा नांदेडची माझी मावशी एका फटक्यात परराज्यातली झाली. दुसरीत कुंदावन्सं झाल्या. सरकारी माणसं दोन राज्यांत वाटून द्यायची होती. वन्संच्या वडिलांची नोकरी पलीकडच्या राज्यात गेलेल्या कर्नूलला, त्यामुळं त्यांची शाळा तिकडची. झालं! शाळा तिकडची म्हणून बाई तिकडची. तीस-पस्तीस वर्षं काचीगुड्यात काढलेल्या बाईला हुकूम आला, कर्नूलला रुजू व्हा.

दवाखान्यातले बाकीचे लोक अर्ज घेऊन कचेऱ्यांतून पळत होते. वन्सं एकदाच गेल्या. तिथल्या अधिकाऱ्यासमोर भिंतीवर मोठा नकाशा होता. वन्सं म्हणाल्या, "मी कुठली, ते एक बोट ठेवून दाखवा." त्यानं हात फिरवला इकडून तिकडं. "तळहात नको," वन्सं म्हणाल्या. पण त्या दिवशी त्यांचं बोट चाललं नाही. घरी आल्या, मशीन पुसायची फडकी धुतली, वाळत घातली आणि सामान बांधायला लागल्या. रडल्या का? दिसल्या नाहीत, एवढंच.

आणि नेमकं त्यांच्या निरोपाच्या दिवशी आमच्या श्रावणीचं पोट दुखायला लागलं.

श्रावणी माझी सून. तेलुगू घरातली, गोड पोरगी, मला अत्तय्या म्हणते. मराठी बोलते पण पोटाला 'तो' म्हणते. सहावा महिना चालू होता. याआधी एकदा पोर पोटात राहून गेलेलं, त्यामुळं आम्ही सगळे तिला काचेच्या भांड्यासारखं वागवत होतो. मुलगा माझा नेमका कंपनीच्या कामाला पुण्याला. आदल्या संध्याकाळी ती म्हणाली, "अत्तय्या, पोट दुखतो." कुठं गं, तर बेंबीभोवती सगळीकडे हात. मी म्हटलं वारा धरला असेल. ओवा दिला, गरम पाणी दिलं. सकाळी तिला मळमळायला लागलं, अंग तापलं. मी वन्संना फोन लावला. तिकडून हार-तुऱ्यांच्या गडबडीचे आवाज येत होते.

"एक बोट ठेवायला सांगा," वन्सं म्हणाल्या.

मी श्रावणीला सांगितलं. आदल्या दिवशी जी सगळं पोट दाखवत होती, तिनं एकच बोट ठेवलं. उजवीकडे, आणि चांगलंच वर, जवळजवळ बरगडीखाली.

"बोट ठेवलंन्, वन्सं. पण वर आहे हो. अपेंडिक्स खाली असतं ना? तुम्हीच सांगितलंय."

"रिक्षा करा. पाण्याचा घोटसुद्धा देऊ नका. मी आहे."

दवाखान्यात बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंनी बघितलं. बाळ ठीक. मग सर्जन आले, डॉक्टर खादर. उंच, शांत माणूस, वन्संच्या बरोबरीनं कितीतरी वर्षं काम केलेला. त्यांनी पोटाला हात लावला आणि मला बाजूला घेऊन सरळ सांगितलं. अपेंडिक्स असू शकतं, मूत्रपिंड असू शकतं, पित्ताशय असू शकतं, नाहीतर नुसता बाळाचा ताण. फुकट पोट उघडलं तर बाळाला धोका. आणि खरंच अपेंडिक्स असेल आणि थांबलो, ते फुटलं, तर बाळालाही धोका आणि हिलाही. "मेरेकू पक्का होना, अम्मा. अंदाजे से मैं नै काटता."

मी डाव्या हातात श्रावणीची चप्पल धरून उभी होते. ती तशीच धरलेली होती हे मला संध्याकाळी कळलं.

वन्सं आल्या त्या शाल पांघरून आणि गळ्यात हार घालून. हार काढायचा राहिला होता. शेजारच्या हॉलमधे त्यांचा निरोपसमारंभ चालू होता आणि कुणीतरी त्यांच्याबद्दल माइकवर भरभरून बोलत होतं, ते भिंतीतून ऐकू येत होतं. मागोमाग हेडसिस्टर स्वरूपाबाई धावत आल्या. "मॅडमगारू, तुमचं भाषण! साहेब थांबलेत. आणि आता ही खोली नव्या डॉक्टरांची..."

"चार्ज दिलाय का मी?"

"नाही, पण संध्याकाळी..."

"संध्याकाळी देईन." हार काढून त्यांनी मशीनच्या कोपऱ्याला अडकवला. पर्समधून बाटली काढली, हिरव्या पट्ट्यांच्या स्वेटरातली. आपल्या मनगटावर थेंब टाकून बघितला, बाळाच्या दुधाचा बघतात तसा. "श्रावणी, मी कोण?"

"कुंदा आत्या."

"आत्या घरी. इथं मी शोधणारी. तू फक्त एक काम करायचं. मी विचारीन तेव्हा बोट ठेवायचं."

दारावर मोठी पाटी आहे, मुलगा का मुलगी ते इथं सांगत नाहीत, विचारणंही गुन्हा. एरवी तिथं येणाऱ्या सगळ्या सासवा ती पाटी वाचून मग हळूच विचारतातच. मीही मागं एकदा थट्टेत विचारलं होतं, तेव्हा वन्सं महिनाभर आमच्याकडे चहाला आल्या नव्हत्या. त्या दिवशी मात्र पडद्यावर काय दिसतंय ते बघायचं भानच मला नव्हतं. मी वन्संच्या हाताकडे बघत होते. तीच चार बोटं, तोच हात सावकाश खाली जाणारा.

उजवीकडं खाली बघितलं. काही नाही. पुन्हा बघितलं. श्रावणी कण्हली. हात थांबला, पण उचलला नाही. तिथंच विसावला, आणि मग पुन्हा हळूहळू पुढं. मूत्रपिंड बघितलं, ठीक. पित्ताशय बघितलं, ठीक. भिंतीतून टाळ्या ऐकू आल्या. स्वरूपाबाई दारात येऊन गेल्या. खादर डॉक्टर भिंतीला टेकून उभे. त्यांनाही थांबणं जड जात होतं.

"मॅडम, नै दिखा तो नै दिखा. चोवीस घंटे रुक के देखेंगे क्या? और आपका फंक्शन है, समोसे ठंडे हो रै."

"दिसलं नाही, एवढंच," वन्सं पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "नाही असं मी म्हटलेलं नाही. समोसे तुम्ही खा."

खादर डॉक्टर हसले, पण गेले नाहीत.

मग वन्संनी श्रावणीला डाव्या कुशीवर वळवलं. पाठीमागं उशी सरकवली, तीसुद्धा आधी दाबून बघितलेली. माझ्याकडे न बघता मला सांगत होत्या, मेथी निवडताना सांगतात तसंच. "पोर मोठं होतं तसं घरातलं बाकीचं सामान सरकतं, वहिनी. जागाच नसते ना. मग अपेंडिक्सही बिऱ्हाड उचलून वरच्या मजल्यावर जातं. आपण आपले तळमजल्यावर दार वाजवतोय. श्रावणी, बोट."

श्रावणीनं बोट ठेवलं. तिथंच, वर.

वन्संनी प्रोब त्या बोटाला चिकटून ठेवला. बोट हळूच बाजूला केलं आणि त्याच्या जागी प्रोब. नवं जेल, गरम. आणि दाबायला लागल्या. इतकं सावकाश की हात हलतोय हे कळू नये. तेवढ्यात पोट उसळलं. बाळानं आतून लाथ मारली, बरोबर प्रोबवर.

"ए," वन्सं पोटाला म्हणाल्या. "तुझ्याच कामाला आलेय मी. जरा सरक."

पुन्हा लाथ. वन्संनी हात सैल सोडला, बाळ शांत होईस्तोवर थांबल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा लाथ. पुन्हा पहिल्यापासून. मला वाटलं आता ही बाई वैतागेल. मी वैतागले होते, माझ्याच नातवंडावर. वन्संच्या कपाळावरून घामाचा ओघळ डोळ्यात गेला तरी त्यांनी पुसला नाही, कारण त्यासाठी हात उचलावा लागला असता. हॉलमधे कुणी गाणं म्हणायला लागलं होतं. आणि मग त्यांचा हात तळाला जाऊन थांबला. सोफ्यावर थांबतो तसा.

"खादरसाब," त्या अगदी हळू म्हणाल्या. "इकडं या."

पडद्यावर करड्यात काळं, एक नळीसारखं काहीतरी होतं. आजूबाजूची आतडी वळवळत होती, हे हलत नव्हतं. एका टोकाला बंद. वन्सं दाबत होत्या आणि ते दबत नव्हतं.

"हे टोक. हे सुजलेलं. ही भोवतीची चरबी बघा, पांढरी झालीय. अजून फुटलेलं नाही. घ्या, तुम्ही दाबून बघा." आणि ज्या मशीनला त्या कुणाला हात लावू देत नाहीत, त्याचा प्रोब त्यांनी खादर डॉक्टरांच्या हातात दिला. "सावकाश."

त्यांनी दाबून बघितलं. एकदा, दोनदा. मग मान हलवली. "हौ मॅडम. येइच है. बिलकुल." आणि माझ्याकडे वळून, "अम्मा, अब मैं काटता. चीरा ऊपर से लूंगा, जिधर उंगली रखी ना बच्ची ने, उधरीच."

श्रावणीला आत नेलं. त्यानंतरचा वेळ कसा गेला ते मला विचारू नका. मी बाकावर बसले होते. वन्सं हॉलमधे गेल्या आणि लगेच परत आल्या. नंतर स्वरूपाबाईंनी मला त्यांचं भाषण सांगितलं. माइकसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "मशीन पुसून ठेवलंय. नव्या डॉक्टरांनी जेल गरम करून वापरावं. नमस्कार." आणि उतरल्या. लोक अजून पुढं काही येईल म्हणून थांबलेच होते.

माझ्याशेजारी बसायच्या आधी त्यांनी बाक दाबून बघितला. लाकडी बाक! मग बसल्या. थोड्या वेळानं माझ्या मनगटावर चार बोटं टेकवली आणि हळूहळू दाबली.

"माझं काय बघताय, वन्सं?"

"काही नाही."

पण हात काढला नाही. दार उघडून खादर डॉक्टर बाहेर आले तोवर तसाच होता. "निकल गया," ते म्हणाले. "फूटनेच वाला था. बच्चा एकदम मस्त है, अंदर से लातां मार रा." मी रडायला लागले. वन्संनी विचारलं, "टाके किती सुबक घातलेत?" खादर डॉक्टरांनी वर छताकडे हात जोडले.

दोन दिवसांनी कुंदावन्सं कर्नूलला गेल्या. स्टेशन गल्लीच्या तोंडाशी, तरी मला पोचवायला येऊ दिलं नाही. "सुनेजवळ बसा. तिला शिंक आली तर पोटाशी उशी धरायला सांगा." घराला कुलूप लागलं. मी रोज दारावरून जाताना त्या कुलपाकडे बघायची. तिकडे त्यांना बरं वाटतं का, विचारलं की फोनवर उत्तर ठरलेलं. "मशीन जुनं आहे. पण दिसतं." स्वयंपाकाला कोण आहे, तर "डबा येतो." बोलायला कोण आहे, ते मी विचारलं नाही. त्याचं उत्तर मला ठाऊक होतं. दिसलं नाही, एवढंच.

आमच्याकडे पूर्ण दिवस भरून मुलगी झाली. फोन केला तर इकडून मी "मुलगी!" म्हणून ओरडतेय, तिकडून प्रश्न, "जुना व्रण कसा आहे? ताण आला नाही ना त्याच्यावर?"

"अहो, मुलगी झाली म्हणते मी. तुम्हाला तर ठाऊकच असेल म्हणा तेव्हापासून."

"छे. मी अपेंडिक्स बघत होते."

बाळ महिन्याचं झालं तेव्हा एका रविवारी सकाळच्या गाडीनं आल्या. संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं, सोमवारी ड्यूटी. थकलेल्या दिसल्या. दारात चप्पल काढतानाच कागदी पिशवी माझ्या हातात कोंबली. "काही नाही. हिच्यासाठी." उघडून बघते तर स्वेटर. पिवळा, बारीक विणीचा, दोन इवल्याशा बाह्या लावलेला. पण उभट, निमुळता, वर गळा अगदी चिंचोळा. मी त्याच्याकडे बघितलं, वन्संकडे बघितलं.

"वन्सं, हा बाटलीच्या मापाचा आहे हो."

"मला एकच माप येतं," त्या म्हणाल्या. मग बाही ओढून सरळ करत, "बाह्या पहिल्यांदाच केल्या. दोनदा उसवल्या."

श्रावणी हसून हसून बेजार झाली. तिनं बाळाला आणलं. "कुंदा आत्या, ओळखा ना, कुणासारखा दिसतो?"

"दिसते," वन्संनी तिला सुधारलं. "आणि ओळख काय करून देता? हिनं मला आतून चांगल्या लाथा मारल्यात."

बाळ घेण्याआधी त्यांनी माझ्या हातातला चहाचा पेला घेतला. प्यायला नाही. दोन्ही हातांत धरून उभ्या राहिल्या, बराच वेळ. तळवे गालाला लावून बघितले. पुन्हा पेला धरला. हात गरम करत होत्या. मग बाळाला घेतलं आणि सोफ्यावर बसल्या. डावीकडे, मोडक्या स्प्रिंगवर. सोफा दाबून न बघता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

आमचे हे स्प्रिंगचं सांगायला तोंड उघडणार, तोच मी त्यांच्या हातात चिवड्याची बशी दिली.

वन्संनी बाळाच्या मुठीजवळ एक बोट नेलं. एकच. नुसतं ठेवलं. मूठ उघडली, बोटाभोवती मिटली. मधे जेवणं झाली, श्रावणीनं बाळाला पाजून पुन्हा त्यांच्याकडे दिलं, बायका येऊन बाळ बघून गेल्या, उन्हं उतरली. बाळ झोपलं तरी मूठ त्या बोटाभोवती मिटलेलीच. वन्सं तशाच बसून, मोडक्या जागेवर एका बाजूला कललेल्या.

गाडीची वेळ होत आली तसे हे चुळबुळायला लागले. "कुंदा, रिक्षा बोलावू का? स्टेशनपर्यंत पिशवी घेऊन कशाला चालायचं."

वन्सं हलल्या नाहीत. महिन्याच्या पोराच्या मुठीतून बोट सोडवायला कितीसं बळ लागतं हो?

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "झटका दिला तर दुखतं."

कुणाला, ते मी विचारलं नाही. आत गेले आणि कुकर लावला, त्यांच्या वाटणीचे तांदूळ धरून.